के वाढला, भिंतीवरचा उतार घटला. मग घर्षण खरंच कमी झालं का?

प्रश्न वाचला. विचारणारे पीएच.डी. करताहेत. सपाट प्लेटवरून मायक्रोपोलर द्रव (ज्यातले सूक्ष्म कण स्वतःभोवतीही फिरतात असा) वाहतोय, प्रवाह लॅमिनार, म्हणजे शांत थरांचा, आहे आणि ते बाउंडरी लेअरची, म्हणजे भिंतीलगतच्या थराची, समीकरणं मॅटलॅबच्या बीव्हीपी४सी या सॉल्व्हरवर सोडवताहेत. एन (भिंतीपाशी कण किती फिरू शकतात हे ठरवणारा अंक) = १/२ ठेवून के (म्हणजे कॅपा भागिले म्यू; म्यू ही द्रवाची श्यानता, कॅपा ही कणांच्या फिरण्याशी जोडलेली जादा श्यानता) ० पासून ५ पर्यंत वाढवला की भिंतीपाशी वेगाचा उतार, म्हणजे एफ-डबल-डॅश(०), घटत जातो. गाइड म्हणतात, ‘लिहून टाका, मायक्रोपोलर द्रवामुळे घर्षण कमी होतं.’ वाचलेल्या एका पेपरात तसंच आहे, दुसऱ्यात नेमकं उलट. शिवाय के आणि जे (कणांच्या जडत्वाचं माप) यांच्या किमती कुठून आणायच्या, आणि व्हायव्हात कुणी ‘हा द्रव नक्की कोणता?’ असं विचारलं तर काय सांगायचं, हेही त्यांना हवंय.

तुमचा कोड बहुधा ठीक आहे. अडचण आलेख वाचण्यात आहे. के वाढवताना आपण काय स्थिर ठेवलं आणि काय नकळत बदललं, हे ठरवल्याशिवाय ‘घर्षण वाढलं’ किंवा ‘घटलं’ या वाक्याला काहीच अर्थ नसतो. दोन पेपरांतला विरोधही बव्हंशी तिथूनच येतो. मी हे समीकरण वर्गात शिकवते आणि या विषयावरचे प्रबंध तपासायला येतात तेव्हा पुन्हा पुन्हा पाहते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रतिमान काय सांगतं ते. साध्या, न्यूटनी द्रवात प्रत्येक बिंदूला फक्त वेग असतो. त्या ठिकाणी द्रव किती गरगरतो हे वेगाच्या उतारावरूनच ठरतं, त्याला वेगळं स्वातंत्र्य नाही. एरिंगन यांनी १९६६ साली मायक्रोपोलर द्रवांचा सिद्धांत मांडला तेव्हा त्यांनी प्रत्येक बिंदूला आणखी एक राशी दिली: तिथल्या कणांची स्वतःभोवतीची गिरकी. (कल्पनेचं मूळ कोसेरा बंधूंच्या १९०९ च्या कामात आहे, पण ते घन पदार्थांच्या अंगाने गेलेलं.) वारीत दिंडी पुढे सरकत असते आणि त्यातच दोघीजणी फुगडी घालत असतात, दिंडीचा वेग सांगून फुगडीचा वेग कळत नाही, तसं. पुस्तकात या गिरकीला मोठा एन म्हणतात. तुमचा छोटा एन वेगळा आहे, म्हणून मी इथे गिरकीच म्हणते.

समीकरणांत यामुळे दोन गोष्टी होतात. संवेगाच्या समीकरणात म्यू-च्या जागी म्यू + कॅपा येतं आणि शेवटी ‘कॅपा गुणिले गिरकीचा वाय-दिशेतला उतार’ हे एक जास्तीचं पद लागतं. शिवाय गिरकीसाठी स्वतंत्र समीकरण येतं. त्यात डावीकडे जडत्व (रो, म्हणजे घनता, गुणिले जे), उजवीकडे गॅमा-चं विसरण (गिरकी शेजारच्या थरांत पसरणं), आणि सर्वांत महत्त्वाचं पद: वजा कॅपा गुणिले (२ × गिरकी + वेगाचा उतार). हा कंस नीट पाहा. थरात द्रवाचा स्थानिक कोनीय वेग वजा उताराच्या निम्मा असतो. गिरकी तेवढीच झाली की कंस शून्य होतो. म्हणजे कॅपा हा कण आणि भोवतालचा द्रव यांना एकत्र फिरायला लावणारा दुवा आहे. कण मागे पडला की द्रव त्याला ओढतो आणि कण द्रवाला अडवतो.

आता तुमचा एन. भिंतीवर आपण गिरकी = वजा एन गुणिले उतार असं लिहितो. एन = ० म्हणजे भिंतीला चिकटलेला कण फिरूच शकत नाही; दाट मिश्रणासाठी हे घेतात. एन = १/२ म्हणजे भिंतीपाशीही कण द्रवाच्या कोनीय वेगानेच फिरतो, त्यामुळे प्रतिबलाचा विषम (अँटिसिमेट्रिक) भाग तिथे नाहीसा होतो; विरळ मिश्रणासाठी हे योग्य समजतात. एन = १ टर्ब्युलंट थराचं प्रतिमान करण्यासाठी सुचवला गेलाय, तुम्हाला त्याची गरज नाही.

इथे खरी मेख आहे. जवळजवळ सगळे पेपर गॅमा = (म्यू + कॅपा/२) गुणिले जे असं घेतात; तुम्हीही घेतलं असेल. हे आणि एन = १/२ एकत्र आलं की गिरकी फक्त भिंतीवरच नाही, तर पूर्ण थरात द्रवाच्या कोनीय वेगाइतकी होते. पडताळून पाहायला एक ओळ पुरते. गिरकीच्या जागी वजा अर्धा उतार ठेवा. संवेगाच्या समीकरणात म्यू + कॅपा मधून कॅपा/२ वजा होतं आणि म्यू + कॅपा/२ उरतं. मग तेच समीकरण वाय-च्या संदर्भात एकदा विकलित करा. गिरकीचं समीकरण जसंच्या तसं हातात येतं. म्हणजे दुसरं समीकरण नवीन काही सांगतच नाही. तुमच्या हातात उरतो ब्लासियसचा १९०८ चा जुना प्रश्न (सपाट प्लेटवरच्या न्यूटनी थराचा), फक्त श्यानता म्यू + कॅपा/२ असलेला.

मग उत्तरही संगणकाशिवाय मिळतं. ईटा = वाय × √(यू/(न्यू·एक्स)) घेतलं (वाय भिंतीपासूनचं अंतर, एक्स प्लेटच्या टोकापासूनचं, यू बाहेरचा वेग, न्यू म्हणजे श्यानता भागिले घनता) आणि न्यू मध्ये फक्त म्यू धरला, तर भिंतीवरचा उतार ०.३३२०६ भागिले √(१ + के/२). के = १ ला ०.२७११, के = २ ला ०.२३४८, के = ५ ला ०.१७७५. तुमच्या तक्त्यात हेच आकडे असायला हवेत. असतील तर तुमचा कोड बरोबर आहे; पण तुम्ही मायक्रोपोलर परिणाम नाही, न्यूटनी द्रवाची बदललेली मोजपट्टी आलेखात काढली आहे.

आता घर्षण. भिंतीवरचं प्रतिबल म्हणजे (म्यू + कॅपा) गुणिले उतार, अधिक कॅपा गुणिले गिरकी. भिंतीची अट घातली की ते म्यू × (१ + (१ − एन)के) × उतार होतं. एन = १/२ साठी गुणक (१ + के/२), एन = ० साठी (१ + के). हा गुणक विसरून नुसता उतार ‘स्किन फ्रिक्शन’ म्हणून छापला की घर्षण कमी झाल्यासारखं दिसतं. गुणक लावला की ०.३३२०६ × √(१ + के/२) येतं, म्हणजे के = १ ला ०.४०६७, के = ५ ला ०.६२१२. वाढलं! तुमचे दोन पेपर इथेच वेगळे झाले असणार. दोघांचे कोड बरोबर असतील, एकाने उतार छापला, दुसऱ्याने प्रतिबल.

पण ‘वाढलं’ हेही मला पूर्ण उत्तर वाटत नाही. के = १ म्हणजे तुम्ही म्यू तोच ठेवून खरी श्यानता दीडपट केली. दीडपट श्यानतेच्या द्रवाचं लॅमिनार घर्षण √१.५ पट, म्हणजे सुमारे २२ टक्के जास्त असतं, त्यात सूक्ष्म कणांचं कर्तृत्व शून्य. प्रयोगशाळेत श्यानतामापीवर तुम्हाला म्यू वेगळा आणि कॅपा वेगळा दिसत नाही. रुंद पात्रात जे दिसतं ते म्यू + कॅपा/२. म्हणून न्याय्य तुलना करायची तर दोन्ही द्रवांची मोजलेली श्यानता सारखी धरा, म्हणजे म्यू + कॅपा/२ स्थिर ठेवा. मग एन = १/२ ला के कितीही बदला, घर्षण जागचं हलत नाही. हे वाक्य प्रबंधात लिहिलंत तर परीक्षक नक्की थांबून वाचतील.

‘घर्षण घटतं’ असं लिहिणाऱ्यांपैकी बरेचजण पॉलिमरच्या प्रयोगांचा हवाला देतात: पाण्यात अगदी थोडं पॉलिमर मिसळलं की घर्षण लक्षणीय कमी होतं. तो परिणाम खरा आहे, टॉम्स यांनी १९४८ मध्ये नोंदवलाय. पण तो टर्ब्युलंट प्रवाहातला आहे, आणि त्यामागे ताणल्या जाणाऱ्या लांब साखळ्या आहेत. तुमच्या लॅमिनार थरातल्या ताठ, फिरणाऱ्या कणांचा त्याच्याशी काही संबंध नाही. प्रस्तावनेत तो हवाला असेल तर काढून टाका.

आता के-ची किंमत. विचारणारे लिहितात, ‘सगळे ०, १, २, ५, १० घेतात म्हणून मीही घेतले.’ यावर मला नेहमी थोडा वैताग येतो, कारण के कुठून येतो हे विरळ मिश्रणासाठी हाताने काढता येतं. गोल कण घ्या, त्रिज्या ए, द्रवाची स्वतःची श्यानता म्यू-शून्य. गोल कण भोवतालच्या द्रवापेक्षा वेगळ्या कोनीय वेगाने फिरत असेल तर त्याच्यावर टॉर्क येतो ८π × म्यू-शून्य × ए-घन × वेगातला फरक. एका घनमीटरमध्ये कण किती? घनफळाचा अंश फाय असेल तर फाय भागिले (४/३)π ए-घन. गुणाकार करा, ए-घन कटतो, दर घनमीटरला टॉर्क येतो ६ × म्यू-शून्य × फाय × फरक. मायक्रोपोलर समीकरणात तोच टॉर्क २ × कॅपा × फरक असतो. म्हणून कॅपा = ३ × फाय × म्यू-शून्य. कणाचा आकार कुठेच उरला नाही, हे लक्षात घ्या.

मोजलेली श्यानता, म्हणजे म्यू + कॅपा/२, आइनस्टाइनच्या सूत्राप्रमाणे म्यू-शून्य × (१ + २.५ फाय) असायला हवी. (१९०६ च्या त्यांच्या मूळ लेखात तो गुणक चुकला होता, २.५ हा १९११ च्या दुरुस्तीतला.) त्यातून म्यू = म्यू-शून्य × (१ + फाय) आणि के = ३ फाय भागिले (१ + फाय). पाच टक्के कण टाका: के सुमारे ०.१४. के = १ हवा असेल तर फाय अर्धा घ्यावा लागतो, आणि तिथे विरळ मिश्रणाचं गणित केव्हाच कोलमडलेलं असतं. के = ५ साठी या सूत्रातून फाय येतो वजा २.५, म्हणजे एका लिटरमध्ये उणे अडीच लिटर कण! दाट मिश्रणात, लांबट कणांत किंवा कण एकमेकांना चिकटत असतील तर कॅपा वेगळ्या तऱ्हेने वाढतो, हे मान्य. त्यामुळे ‘मोठा के कधीच शक्य नाही’ असं मी म्हणणार नाही. पण मोठा के वापरायचा असेल तर तो कोणत्या मिश्रणाचा, हे सांगण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची.

जे-चं प्रकरण याहून गमतीचं आहे. प्लेटच्या प्रश्नात साधर्म्य-उत्तर (सिमिलॅरिटी सोल्यूशन) हवं म्हणजे एक्स कुठेच उरता कामा नये. त्यासाठी बहुतेक ठिकाणी जे = न्यू·एक्स/यू असं घेतलेलं असतं. गणिताच्या दृष्टीने हे सोयीचं आहे. अहमदी यांनी १९७६ मध्ये अर्ध-अनंत प्लेटसाठी साधर्म्य-उत्तर दिलं आणि पुढची बरीच पेपरांची परंपरा त्या वाटेने चालली. पण जे म्हणजे काय? कणाच्या जडत्वाचं माप, म्हणजे मोठा कण, मोठा जे. ते एक्स-च्या प्रमाणात वाढतंय म्हणजे प्लेटवर पुढे जावं तसे कण मोठे होत चाललेत. आणि √जे थराच्या जाडीच्या साधारण एक-पंचमांश. थराच्या जाडीत जेमतेम पाच कण मावतील अशा गोष्टीला सलग माध्यम म्हणायचं का, हा प्रश्न परीक्षकाने विचारला तर तो खोडसाळपणा समजू नका. ताणल्या जाणाऱ्या चादरीच्या किंवा थांब-बिंदूच्या (स्टॅग्नेशन पॉइंटच्या) प्रश्नात जे = न्यू भागिले ताणाचा दर घेतात. तिथे निदान जे स्थिर राहतो, पण आकार तेवढाच, थराच्या जाडीच्या तोडीचा.

खऱ्या आकड्यांत पाहू या. पाणी, वेग १ मीटर प्रति सेकंद, प्लेटच्या टोकापासून १० सेंटीमीटर. रेनॉल्ड्स अंक १ लाख, प्रवाह लॅमिनार राहू शकतो. थराची जाडी सुमारे १.६ मिलिमीटर. कण ५ मायक्रॉन त्रिज्येचे, घनता पाण्याइतकीच, अंश ५ टक्के. कण भोवतालच्या द्रवाच्या कोनीय वेगाला जुळायला किती वेळ घेतो? रो गुणिले ए-वर्ग भागिले १५ म्यू: दोन मायक्रोसेकंदांहून कमी. द्रवाला प्लेटवर तिथवर यायला लागतो ०.१ सेकंद. म्हणजे थरात जवळपास सगळीकडे गिरकी आणि कोनीय वेग एकच असतात, तुम्ही भिंतीवर एन काहीही घ्या.

भिंतीच्या अगदी लगत मात्र एन-चा ठसा राहतो. तो पट्टा किती जाड, हेही काढता येतं. त्या पट्ट्यात प्रतिबल स्थिर धरा, जडत्व सोडून द्या; गिरकीचं समीकरण घातांकी उतरणीचं होतं आणि तिची लांबी एल, जिचा वर्ग = जे × (१ + के) भागिले २ के. आपल्या उदाहरणात जे = फाय × (२/५) × ए-वर्ग, म्हणजे ०.५ वर्ग-मायक्रॉन, आणि एल सुमारे १.४ मायक्रॉन. कणाच्या त्रिज्येहूनही लहान! म्हणजे पट्ट्याची नेमकी आकृती मी गंभीरपणे घेणार नाही, पण त्याची जाडी कणाच्या आकाराच्या पलीकडे जात नाही एवढं पक्कं. एन = ० घेतल्यास या पट्ट्यात भिंतीवरचा उतार पट्ट्याबाहेरच्या उताराच्या (१ + के/२)/(१ + के) पट होतो. बाहेरच्या प्रवाहाला मात्र भिंत फक्त एल × के/(२(१ + के)) इतकी पुढे सरकल्यासारखी वाटते. आपल्या आकड्यांत हे ०.०९ मायक्रॉन, थराच्या जाडीच्या सुमारे अठरा हजाराव्या भागाइतकं. एकूण घर्षणावर याचा परिणाम तुमच्या सॉल्व्हरच्या टॉलरन्समध्ये बुडून जाईल.

जे स्थिर ठेवून, साधर्म्य सोडून, हा प्रश्न रीस आणि बॅसम यांनी १९९६ मध्ये केलाय. पुढे जावं तसा मुख्य थर जाड होत जातो, भिंतीलगतचा पट्टा होत नाही, आणि दोन पदरी रचना तयार होते. तुमच्या प्रबंधाला खरोखर वजन आणायचं असेल तर मी हाच रस्ता सुचवेन: जे स्थिर, एक्स हा चल म्हणून समीकरणात ठेवायचा, केलर-बॉक्स पद्धतीने टोकापासून पुढे सरकत जायचं. काम वाढेल, पण ‘एन-चा परिणाम कुठपर्यंत पोचतो’ याचं उत्तर त्यातून मिळतं. साधर्म्याच्या पाच आलेखांतून ते मिळत नाही.

एक सावधगिरी. एन = १/२ ला सगळं न्यूटनी होतं हे मी वर ठासून सांगितलं, ते बाहेरचं कुठलंही वाय-वर अवलंबून बल नसतानाच. चुंबकीय क्षेत्राचं अडथळ्याचं पद किंवा उष्णतेचं उत्प्लावन समीकरणात आलं की विकलन केल्यावर त्याचा उतार संवेगाच्या बाजूला उरतो आणि गिरकीच्या समीकरणात तसं पद नसतं. मग जुळणी मोडते. बाहेरच्या प्रवाहात दाबाचा उतार असेल तर चालतं, तो वाय-वर अवलंबून नसतो. भिंतीतून शोषण असेल तरी चालतं. तुमच्या पुढच्या प्रकरणात एमएचडी (चुंबकीय क्षेत्रातला प्रवाह) आहे असं लिहिलंय, तिथे ही तपासणी आंधळेपणाने लावू नका.

कोड तपासायचा कसा, हेही विचारलंय. माझ्या सवयीचा क्रम असा. पहिल्यांदा के = ० टाकते. ०.३३२०६ आलं नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग एन = १/२, के = २; ०.२३४८ यायला हवं, आणि नुसतं भिंतीवर नाही तर प्रत्येक बिंदूवर ‘गिरकी + अर्धा उतार’ शून्याजवळ, म्हणजे टॉलरन्सच्या आसपास, हवी. हा आलेख काढाच. उताराचा आकडा योगायोगाने जुळू शकतो, पूर्ण वक्र जुळत नाही. ताणल्या जाणाऱ्या चादरीवर काम करत असाल तर क्रेन यांचं १९७० चं बंदिस्त (थेट सूत्रात मांडलेलं) उत्तर वापरा; एन = १/२ ला उतार वजा १ भागिले √(१ + के/२), के = २ ला वजा ०.७०७१. एन = ० ला अशी आयती तपासणी नाही, तिथे जाळी दुप्पट करून आकडा चौथ्या दशांशापर्यंत स्थिर राहतो का ते बघायचं.

सगळ्यात जास्त दगा देतं ते अनंत. ईटा-ची वरची मर्यादा बहुतेकजण ८ किंवा १० ठेवतात आणि सगळ्या के-साठी तीच चालवतात. के = ० ला ९९ टक्क्यांची जाडी ४.९ असते. ती √(१ + के/२) पटीने वाढते, म्हणून के = ५ ला ९.२. मर्यादा ८ ठेवली तर तुम्ही थर मध्येच कापून त्याच्या डोक्यावर ‘इथे वेग संपूर्ण झाला’ अशी अट लादता. सॉल्व्हर कुरकुर करत नाही, उत्तर देतो, आणि ते चुकीचं असतं. ओळखायची खूण: वरच्या टोकाला वेगाचा वक्र सपाट होऊन मिळतो की तिरका येऊन आदळतो? तिरका असेल तर मर्यादा वाढवा. के = ५ साठी २० च्या आसपास ठेवली तर निश्चिंत. सुरुवातीचा अंदाज म्हणून के = ० चं उत्तर द्या, मग के हळूहळू वाढवत आधीचं उत्तर पुढचा अंदाज म्हणून वापरा. एकदम के = ५ वर उडी मारली की बीव्हीपी४सी कधी कधी रुसतो.

राहिला व्हायव्हाचा प्रश्न: हा द्रव कोणता? ‘रक्त, लिक्विड क्रिस्टल, पॉलिमर, वंगण’ ही यादी प्रत्येक प्रस्तावनेत असते आणि ती पाठ म्हणून दाखवली की पुढचा प्रश्न तयारच असतो: ‘मग प्लेटवरून रक्त कुठे वाहतं?’ माझ्या मते प्रामाणिक उत्तर असं द्यावं. हे प्रतिमान तिथे कामाचं आहे जिथे कणाचा आकार प्रवाहाच्या रुंदीच्या तुलनेत नगण्य नसतो, म्हणजे वंगणाचे पातळ थर, सूक्ष्म नलिका. किंवा जिथे बाहेरून कुणीतरी कणांची गिरकी धरून ठेवतं. दुसऱ्याचं उत्तम उदाहरण फेरोफ्लुइड, म्हणजे चुंबकीय कण मिसळलेला द्रव. चुंबकीय क्षेत्र लावलं की कण फिरायला नकार देतात, गिरकी आणि कोनीय वेग यांत खरोखर अंतर पडतं आणि श्यानता वाढते. मॅकटेग यांनी १९६९ मध्ये ते मोजलं, श्लिओमिस यांनी १९७२ मध्ये सिद्धांत दिला. पूर्ण अडवलेल्या गोल कणांसाठी विरळ मिश्रणात १ + २.५ फाय चं १ + ४ फाय होतं, मधला १.५ फाय म्हणजे वर काढलेला कॅपा/२ च. या एका उदाहरणात कॅपा हाताने दाखवता येतो, म्हणून मी तेच सांगेन.

रक्ताचं नाव घ्यायचंच असेल तर जपून. तांबड्या पेशी ८ मायक्रॉनच्या, नलिका शंभर मायक्रॉनची, म्हणजे आकाराची अट बसते. पण अशा अरुंद नलिकेत रक्ताची श्यानता कमी भासते, हा फारेअस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये दाखवलेला परिणाम. एन = ० चं मायक्रोपोलर प्रतिमान उलट, नलिका अरुंद केली की श्यानता वाढलेली दाखवतं. कारण रक्तात पेशी भिंतीपासून दूर सरतात आणि भिंतीलगत पातळ प्लाझ्मा उरतो. तुमच्या समीकरणात कणांची संख्या सगळीकडे सारखीच आहे, त्याला हे कसं कळणार?

तर आता तक्ता बदला. प्रत्येक ओळीत के, एन, भिंतीवरचा उतार, प्रतिबल (गुणक लावलेलं) आणि त्याच मोजलेल्या श्यानतेच्या न्यूटनी द्रवाशी गुणोत्तर असे रकाने करा. एन = १/२ च्या ओळींत ते गुणोत्तर १ यायलाच हवं. एन = ० च्या ओळींत ते १ पेक्षा थोडं वर येईल; किती वर, हे जे-च्या निवडीवर अवलंबून आहे, आणि तुमच्या सध्याच्या जे-मुळे ते फुगलेलं असेल. गाइडना तोंडी समजावण्याऐवजी हा तक्ता समोर ठेवा. एन = ० चे आकडे, ईटा-ची मर्यादा आणि तुमची सीमा-अटींची फंक्शन फाइल इथे टाकलीत तर मी पाहून सांगते. विशेषतः गिरकीच्या अटीचं चिन्ह बघायचंय, कारण काही पुस्तकांत गिरकीची दिशा उलटी धरलेली असते आणि मग वजा एन-च्या जागी अधिक एन लागतो.